माझा लाल कसाय?

आमच्या शेठना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे, आणि त्यांचा रंगाचा कारखाना होता. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही, पण आपणहून सांगतही फिरले नाहीत. कुणी विचारलं असतं तर लगेच सांगितली असती. पण रंगाच्या कारखान्याच्या मालकाला असलं कोण विचारणार?

मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. मी नुकतीच रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले होते आणि पनवेलला आईवडिलांकडे राहत होते. पळस्प्याच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडवर 'शेड मॅचर पाहिजे' अशी पाटी दिसली. शेड मॅचर म्हणजे गिऱ्हाइकाने आणलेल्या नमुन्याला तंतोतंत जुळेल असा रंग करून देणारा माणूस. मी आत शिरले. पांढरा शर्ट, पांढरी पँट घातलेले एक आडव्या अंगाचे गृहस्थ उलट्या ड्रमवर बसून डब्यातला भात आणि सुकटीची चटणी खात होते.

"बस, बाय," ते म्हणाले. बसायला दुसरा ड्रम होता. डबा बाजूला सारून त्यांनी रंगाच्या डब्यांची दोन झाकणं माझ्यापुढे ठेवली. "यातला लाल कुठला?"

मी पाहिलं. उचलून खिडकीपाशी नेऊन पाहिलं. "दोन्ही हिरवेच आहेत. साधारण सारखे."

"साधारण बोलायचा नाय हिकडं. पन नोकरी पक्की." ते पुन्हा जेवायला लागले. "तुज्या आधी आलेल्या पोरांनी घाबरून यातलाच एक लाल ठरवला."

"पण तुम्ही असं का विचारलंत?"

"मला नाय कलत म्हनून. दोनी हिरवे हायत ते सकाली बायकोने सांगितला."

मला वाटलं, थट्टा करतायत. आठवडाभरात समजलं की थट्टा नव्हती. पळस्प्याच्या सिग्नलला ते वरचा दिवा लागला की थांबत आणि खालचा लागला की निघत. आंबा पिकलाय की नाही हे दाबून बघत आणि काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, ओरडा खात. पांढऱ्याशिवाय दुसरे कपडे घालत नसत. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "पांढऱ्यावर डाग पडला ते मलाही दिसतो. कुठल्या रंगाचा ते तू सांग."

त्यांचं मूळ घर गव्हाणचं. घरची भातशेती आणि मिठागर. नवं शहर आलं तसं दोन्ही गेलं. भावांनी मोबदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंगी उभ्या केल्या आणि भाडी खात निवांत बसले. शेठनी आपला वाटा विकून रंग दळायची एक जुनी चक्की आणली. भाऊ म्हणाले, याच्या डोक्यावर परिणाम झाला. काकीही तेच म्हणाल्या, फक्त त्यांनी रोज सकाळी चारीठाव डबा करून दिला. शेठ मुख्यतः होड्यांचे रंग करत. उरणजवळच्या मोरा बंदरापासून वरच्या सगळ्या बंदरांत आमचे डबे जात.

शेठना रंग दिसत नसला तरी रंगकाम दिसायचं. कुठे पोपडा धरलाय, कुठे अस्तर न लावता वरूनच हात मारलाय, हे त्यांना चालत्या जीपमधून दिसे, आणि दिसलं की जीप थांबे. पनवेलात तळ्याजवळच्या एका बंगल्याचं लोखंडी फाटक त्यांना असंच दिसलं. खाली उतरून नखाने खरवडायला लागले. आतून एक निवृत्त मुख्याध्यापिका बाहेर आल्या.

"काय चाललंय हे?"

"बाई, तुमचा फाटक रडतंय."

"रडू दे. माझं आहे."

दुसऱ्या दिवशी शेठ पुन्हा तिथे हजर. तिसऱ्या दिवशीही. शेवटी बाई कंटाळून म्हणाल्या, "लावा हो काय लावायचं ते. राखाडी लावा आणि पुन्हा तोंड दाखवू नका." दुसऱ्याच दिवशी बाई चार दिवसांसाठी पुण्याला लेकीकडे गेल्या. शेठनी रविवारी, मला न सांगता, एकट्याने कारखान्यातून डबा उचलला, फाटक घासलं, अस्तर लावलं, वर दोन हात दिले. काम इतकं सुरेख झालं की लोखंडावर ब्रशची एक रेघ दिसत नव्हती. फक्त फाटक गुलाबी झालं होतं. अगदी लहान मुलीच्या फ्रॉकसारखं गुलाबी.

बाईंचा फोन कारखान्यात आला तो मी घेतला. त्या काय बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही. मुख्याध्यापिकांना असले शब्द येत असतील असं मला वाटलं नव्हतं. शेठ ऐकून शांतपणे म्हणाले, "पोपडा धरलाय का विचार." नव्हता धरला. मी नवा राखाडी डबा घेऊन गेले तर बाई म्हणाल्या, "राहू दे आता. रिक्षावाल्यांना पत्ता सांगायला सोपं पडतंय." ते फाटक अजून गुलाबी आहे.

त्यांना दुसरा राग रंगांच्या नावांचा. मुंबईचा एक जाहिरातवाला आमचं शेड कार्ड करायला आला होता. त्याने 'ओशन मिस्ट', 'रॉयल आयव्हरी' अशी नावं आणली. शेठनी ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि विचारलं, "हे बगितलाय कोनी?" मग कार्ड घेऊन आम्ही दोघं मोऱ्याच्या जेटीवर गेलो. शेठ एकेक चौकोन दाखवून तिथल्या माणसांना विचारत, "हा तुला कसला वाटतो?" जे उत्तर येईल ते मी टिपून घ्यायचं. असं आमचं शेड कार्ड झालं. ओली रेती, बोंबलाची वलांडी (म्हणजे बोंबील वाळवायची बांबूंची चौकट), खाजण, पहिला मीठ, भरतीचा गढूळ. एका झणझणीत लालला एक म्हातारा म्हणाला, "ही माजी सून." तेवढं नाव मात्र मी छापू दिलं नाही.

जेटीच्या तोंडाशी एक मावशी मासळी घेऊन बसे. तिचा नवरा तांडेल, म्हणजे होडी चालवणाऱ्यांचा म्होरक्या. मावशीला शेठबद्दल प्रेम होतं आणि ते ती शिव्यांतून व्यक्त करी. "आला बघ, आंधला रंगारी," ती म्हणायची. तेव्हा मला वाटलं, उगाच म्हणते. नंतर कळलं की शेठनी तिला केव्हाच सांगून टाकलं होतं, कारण तिने विचारलं होतं.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या दिवसाकडे येते.

मोऱ्याच्या मच्छीमार सोसायटीने ठरवलं की यंदा सगळ्या सभासदांच्या होड्यांना एकाच ठिकाणचा रंग घ्यायचा. पावसाळ्याच्या बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच रंगकाम होतं. आमच्यासाठी ही फार मोठी ऑर्डर होती. ती आम्हालाच मिळणार हे धरून आम्ही चाललो होतो, पण तळोज्याकडचे एक कारखानदारही आले. माणूस शिकलेला, स्वतः केमिस्ट, सुरेख बोलणारा. सोसायटीच्या हॉलमध्ये पन्नास-साठ होडीवाले बसलेले. आधी शेठ बोलले, थोडक्यात. मग ते गृहस्थ उठले.

"रेट वगैरे सगळं कागदावर आहेच," ते म्हणाले. "मी फक्त एक छोटीशी टेस्ट सुचवतो. होडीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. समोरून येणाऱ्याला त्यावरून तुमची दिशा कळते. लाइफ अँड डेथचा मामला. बरोबर ना?" त्यांनी खिशातून दोन पत्र्याच्या पट्ट्या काढून शेठच्या पुढ्यात टेबलावर ठेवल्या. "शेठ, यातली लाल कुठली तेवढं सांगा."

 शेठना लाल-हिरवा कळत नाही हे कुठून तरी त्या गृहस्थांच्या कानावर गेलं होतं. डावीकडची लाल होती. मी शेठच्या शेजारीच बसले होते, नुसते ओठ हलवले असते तरी त्यांना कळलं असतं. मी त्यांच्याकडे वळलेही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "नको, बाय."

मग ते उभे राहिले.

"मला नाय दिसत," ते म्हणाले. "जन्मापासून नाय दिसत. अठराव्या वर्षी लाँचवर खलाशी म्हनून घेतला होता मला. डोल्यांच्या डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक दाखवला, त्यात आकडा वाचायचा होता. मला नुसते ठिपके दिसले. त्या दिवशी मला खाली उतरवला. बरोबर केला त्यांनी. मी होडी नेली आस्ती तर कोनाला तरी बुडवला आस्ता. पन घरी जाताना मी ठरवला, ज्या दोन रंगांनी मला उतरवला ते दोनी रंग मीच बनवीन. बनवतो. बघायला ही बाय हाय. ती हो बोलल्याशिवाय माजा एक डबा भायेर जात नाय."

माझ्याकडे सगळ्या हॉलने पाहिलं. 

मागून कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "आंधल्याचा रंग लावून समुद्रात जायचा?" दुसरा म्हणाला, "इतकी वर्षं लावतोयसच की." पाच मिनिटं नुसता गलका. शेवटी सोसायटीचे चेअरमन शेठपाशी आले. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. "शेठ, राग मानू नका. बाकी सगला रंग तुमचा. लाल-हिरवा तेवढा यांचा घेऊ. लोकांचं मन हाय."

"बरं," शेठ म्हणाले.

परत येताना जीप तेच चालवत होते. एरवी उरणच्या रस्त्याला त्यांना शेकडो फाटकं आणि शेकडो पोपडे दिसत. त्या दिवशी एकदाही थांबले नाहीत. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मला त्या तळोजेवाल्याचा इतका संताप आला होता की बोलले असते तर रडले असते. गव्हाणचा फाटा आला, तिथे शेठनी जीप बाजूला घेतली.

"बाय, आपला लाल चांगला हाय ना?"

"चांगला आहे."

"आनि हिरवा?"

"तोही चांगला आहे."

"मग उद्या फल्या काप."

दुसऱ्या दिवशी आम्ही सागाच्या चार फळ्या कापल्या. एकीला आमचा लाल, एकीला आमचा हिरवा. मग शेठनी बाजारातून तळोजेवाल्यांचे डबे आणवले, आणि उरलेल्या दोघींना त्यांचा लाल, त्यांचा हिरवा. अस्तर सारखं, हात सारखे, त्यात मी काडीची लबाडी होऊ दिली नाही. फळ्या नेऊन जेटीच्या कडेला चिखलात रोवल्या, अशा जागी की भरतीला पाण्याखाली जातील आणि ओहोटीला उन्हापावसात उघड्या पडतील. कुठली कुणाची ते फळीच्या टोकाला खाच पाडून ठेवलं. खाचांचा अर्थ आम्ही कुणालाच सांगितला नाही, मावशीलाही नाही.

शेठचा मुलगा वैतागला. तो हिशेब आणि बँकेचं बघायचा. "बाबा, अख्खी जेटी हसतेय आपल्याला."

"हसू दे. बघतायत ना?"

बघत होतेच. लाँचची वाट बघणाऱ्यांना तेवढाच विषय झाला. शेठ संधी मिळेल तेव्हा मोऱ्याला जात आणि जेटीवर जो भेटेल त्याला विचारत, "एक खाचवाला लाल कसाय? आनि दोन खाचवाला?" खलाशी, बर्फवाला, मुंबईला निघालेले कॉलेजचे विद्यार्थी, गल्फमधून सुट्टीवर आलेले एक चाचा, सगळ्यांना विचारून झालं. चाचा तर दर वेळी "माशाल्ला, एक नंबर रंग है" म्हणायचे, ते कुठल्या फळीबद्दल हे आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. मावशीने तर कमालच केली. ती शेठच्या मोबाइलवर फळ्यांचे फोटो पाठवायला लागली. शेठ फोटो उघडून डोळ्यांजवळ नेत, लांब नेत, आणि मग फोन माझ्याकडे देत. "काय बोलतेय ती?"

मी सांगायचे. पावसाळ्याच्या सुरुवातीला सगळं सारखंच होतं. श्रावण लागला तशी मला एक गोष्ट दिसायला लागली. फोटोत नीट कळत नाही, असं मी स्वतःला समजावलं. मग शेठबरोबर मोऱ्याला गेले. ओहोटी होती. फळ्या गुडघाभर चिखलात, खाली शिंपले धरलेले. मी काही बोलायच्या आत मावशीनेच टोपली खाली ठेवली.

"शेठ, एक खाचवाला लाल बेस. काल लावल्यासारखा. दोन खाचवाला विटला, विटेसारखा दिसतोय."

एक खाच म्हणजे आमचा. शेठचा चेहरा फुलला. "आनि हिरवा?"

"तो उलटा. तीन खाचवाला मेला बघ. शेवाल आनि तो एकच दिसतो. चार खाचवाला जिता हाय."

तीन खाचवाला आमचा होता. शेठ माझ्याकडे वळले.

"खरं?"

"हो," मी म्हटलं.

तो हिरवा माझा होता. त्यातली प्रत्येक पूड मी निवडलेली. शेठनी चिखलात उतरून त्या फळीवर हात फिरवला. हाताला काही लागलं नाही, पोपडा नव्हता, सुरकुती नव्हती. हाताला तो चांगलाच लागत होता. ते बराच वेळ तसेच वाकून उभे राहिले. पांढरी पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली. मग त्यांनी चारही फळ्या उपटल्या आणि जीपमध्ये मागे टाकल्या.

"चल."

"कारखान्यात?"

"तलोज्याला."

मला वाटलं, भांडायला निघालेत. वाटेत मी दोनदा सांगून पाहिलं की मला एक वर्ष द्या, मी पूड बदलून बघते, राळेचं प्रमाण बदलते. त्यांनी मान हलवली, पण जीप काही वळवली नाही.

तळोजेवाल्यांचं ऑफिस थंडगार, काचेचं. चिखलाने भरलेला माणूस आणि त्याच्या हातातल्या शिंपलेवाल्या फळ्या बघून रिसेप्शनवरच्या मुलीने आधी सिक्युरिटीला बोलावलं, मग साहेबांना. साहेब बाहेर आले आणि शेठना बघून जागच्या जागी थांबले.

"हे बघा शेठ, त्या दिवशीचं जे काही असेल ते..."

"तुमचा हिरवा चांगला हाय," शेठ म्हणाले. "ते सांगायला आलो."

साहेबांनी शेठच्या हातातल्या फळ्यांकडे पाहिलं.

"लाल मात्र तुमचा गेला. विटला. आमचा टिकला. हिरवा आमचा मेला, तुमचा टिकला." त्यांनी चारही फळ्या काचेच्या टेबलावर मांडल्या. टेबलावर खारं पाणी पसरलं.

"कोण म्हणतं असं?"

"सगला मोरा."

साहेब वाकले. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला आणि एकेक फळी पाहू लागले. आधी स्वतःचा लाल. त्यावरून अंगठा फिरवला, नखाने थोडं खरवडलं, खालचं अस्तर पाहिलं. मग आमचा लाल. केमिस्ट माणूस होता. त्याला समजावून सांगावं लागलं नाही.  रिसेप्शनवरची मुलगी फडकं घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"तुम्ही मला याचं काय करायला सांगताय?" शेवटी त्यांनी विचारलं.

"लाल माजा घ्या. हिरवा तुमचा द्या. मोऱ्याला दोनी चांगले जाऊ दे. डब्यावर ज्याचा त्याचा नाव."

साहेब खुर्चीत बसले. त्या दिवशी हॉलमध्ये ज्या आवाजात बोलले होते तो आवाज आता नव्हता. "शेठ, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला माझा हिरवा दिसत नाही. न दिसणारा रंग तुम्ही घ्यायला आलात?"

"मला माजा तरी कुठं दिसत होता?"

साहेब आधी हसले, मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. चहा आला. शेठनी बशीत ओतून प्यायला. मग दोघं केमिस्ट, म्हणजे साहेब आणि मी, लालच्या पुडीबद्दल बोलत बसलो, आणि शेठ त्या थंड ऑफिसच्या भिंतींचं रंगकाम जवळून तपासत फिरले. निघताना साहेब फाटकापर्यंत सोडायला आले. "त्या पट्ट्या मी ठेवायला नको होत्या," ते म्हणाले. शेठ म्हणाले, "लोकांना कललं ते बरा झाला. आता सगले मला रंग सांगतात."

मी जीपचं दार जरा जोरातच लावलं.

"रुसलीस?"

"मी केला असता, शेठ. एका वर्षात केला असता. तुम्ही दोन्ही रंग बनवीन असं सगळ्यांसमोर बोलला होतात. तुमचं एवढं आयुष्य त्या दोन रंगांवर गेलं आणि तुम्ही एक देऊन टाकलात."

शेठनी गिअर बदलला. "होड्या येत्या नारली पौर्णिमेला पान्यात जानार. तुज्या एका वर्षाला त्या काय थांबतील?" मग जरा वेळाने म्हणाले, "आनि तुला कोन नको बोललाय? कर. याच्याहून चांगला कर. झाला का पयला डबा त्यालाच विकू."

त्या पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पाण्यात गेल्या तेव्हा डावी बाजू आमची होती आणि उजवी तळोज्याची. त्याच संध्याकाळी मी कारखान्यात परत जाऊन हिरव्याच्या पुड्या नव्याने मांडल्या. तो रंग व्हायला मला वर्ष नाही, पुष्कळ पावसाळे लागले. चिखलात फळ्या रोवायच्या, आणि मावशीने "मेला" म्हटलं की उपटून आणायच्या. या वर्षी श्रावण संपत आला तरी ती "मेला" म्हणाली नाही. शेठ आता थकलेत, गव्हाणला घरीच असतात. मी त्यांना फोन करून सांगितलं.

"नक्की?" त्यांनी विचारलं.

"नक्की."

"मग थांबलीस कशाला? तलोज्याला डबा पाठव."